पाण्यावरचे पाहुणे आणि पाण्याचे मालक
(भंडारा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या भंडारा जिल्ह्यात नावाड्यांच्या आतिथ्यावर आणि मैत्रीवर व्याख्यान व्हावे, हे कोणाला चमत्कारिक वाटेल. नौका म्हटली की कोकणची खाडी, गलबते आणि तांडेल डोळ्यांपुढे येतात. परंतु ज्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, ज्याच्यामधून वैनगंगा वाहते आणि बावनथडी, सूर, चुलबंद या नद्या जिला येऊन मिळतात, त्या जिल्ह्यात पाण्यावर जगणाऱ्या माणसांचा एक मोठा समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याला येथे ढिवर म्हणतात. कोठे कहार, कोठे भोई. डोंगा चालवणे, जाळे टाकणे, शिंगाडा लावणे, उन्हाळ्यात नदीच्या वाळूत डांगरवाड्या करणे, हे त्याचे व्यवसाय. या समाजाच्या पाहुणचाराची तारीफ पुष्कळदा कानी येते. ‘माणसे गरीब, पण मन मोठे’ असे म्हणून तारीफ करणारा मोकळा होतो.

या तारिफेत एक सोयीस्कर चुकवाचुकव आहे. मन मोठे असणे हा स्वभावाचा गुण मानला की त्याच्या पाठीमागची व्यवस्था तपासण्याची गरज उरत नाही. वस्तुतः पाण्यावरच्या लोकांचे आतिथ्य ही एक सामाजिक संस्था आहे. तिला नियम आहेत आणि तिला आर्थिक पायाही आहे. तो पाया म्हणजे पाण्यावरचा सामाईक हक्क. हा हक्क गेला तरी आतिथ्य काही काळ सवयीने टिकते, पण पुढे विरत जाते. म्हणून ज्याला या मैत्रीविषयी खरोखर आस्था आहे, त्याने प्रथम पाण्याची मालकी कोणाकडे आहे, हा प्रश्न विचारला पाहिजे.

धोक्यातून जन्मलेला नियम

प्रथम जगाकडे पाहू. पॅसिफिक महासागरात, आजच्या पापुआ न्यू गिनीच्या पूर्व टोकाला, ट्रोब्रियांड नावाची बेटे आहेत. तेथील व त्यांच्या शेजारच्या बेटांवरील लोकांच्या समुद्रप्रवासाचे वर्णन मॅलिनोव्हस्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२२ साली प्रसिद्ध केले. हे लोक होड्यांमधून दूरच्या बेटांवर जात. शंखांच्या लाल माळा एका दिशेने आणि शिंपल्यांची पांढरी कंकणे उलट दिशेने, अशी त्यांची देवघेव बेटांच्या वर्तुळातून सतत फिरत असे. या प्रथेला ‘कुला’ म्हणतात. माळ किंवा कंकण कोणीही कायमचे स्वतःजवळ ठेवत नसे. बाजाराच्या हिशेबाने हा व्यवहार निरर्थक वाटेल. परंतु प्रत्येक माणसाचे परक्या बेटावर कुलातले ठरलेले मित्र असत. तेथे उतरल्यावर या मित्रांनी त्याला अन्न द्यावे, आसरा द्यावे आणि वैऱ्यापासून त्याचे रक्षण करावे, असा बंधनकारक संकेत होता. माळ फिरत राहिली म्हणजे मैत्री जिवंत आहे, हे सर्वांना कळत असे. पुढे १९२५ मध्ये मार्सेल मॉस या फ्रेंच विद्वानाने दानावरील आपल्या निबंधात याच सामग्रीचा आधार घेऊन दाखवले की देणे, घेणे आणि परत देणे ही तिन्ही कर्तव्ये एकमेकांत गुंतलेली असतात आणि त्यांच्यावर समाज उभा राहतो.

समुद्राच्या आधुनिक कायद्यातही हाच विचार उतरलेला दिसतो. संकटात सापडलेल्या कोणत्याही माणसाला मदत करणे हे जहाजाच्या कप्तानाचे कर्तव्य आहे, असे १९८२ चा संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा सांगतो. त्याहूनही बोलका नियम नौका वाचवण्यासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय करारांत, १९१० च्या आणि पुढे १९८९ च्या, आहे. बुडणारे जहाज किंवा त्यातील माल वाचवला तर वाचवणाऱ्याला मोबदला मागता येतो. परंतु ज्या माणसांचे प्राण वाचले, त्यांच्याकडून मोबदला मागता येत नाही. मालाला किंमत आहे, जीव मात्र हिशेबाबाहेरचा आहे. बाजारपेठेसाठी रचलेल्या कायद्यातच ही रेघ ओढलेली असावी, ही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.

या नियमाचे अलीकडचे उदाहरण आपल्याच देशाचे आहे. भारतीय नौदलातील अभिलाष टॉमी २०१८ साली शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत उतरले होते. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळाने त्यांच्या नौकेची डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर दुखापत होऊन ते जागचे हलू शकेनात. त्या शर्यतीतील त्यांचा आयरिश प्रतिस्पर्धी ग्रेगर मॅकगकिन याच्याही नौकेची डोलकाठी त्याच वादळात मोडली होती. तरी त्याने तात्पुरते शीड उभारून टॉमींच्या दिशेने नौका वळवली. शेवटी फ्रान्सच्या मत्स्यसंरक्षण विभागाच्या ‘ओसिरिस’ या जहाजाने टॉमींना बाहेर काढले. प्रतिस्पर्धी, परके राष्ट्र, परकी भाषा यांपैकी काहीही आड आले नाही.

या सर्व उदाहरणांत तीन गोष्टी समान आहेत. पाण्यावर भेटलेल्याला तो कोण, हे आधी विचारले जात नाही. मदतीचा भाव केला जात नाही. आणि ज्याने दिले त्यालाच परत मिळेल अशी अट नसते. आज एकाने दिलेले उद्या तिसऱ्याकडून मिळते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर हा हप्ता नसलेला विमा आहे. ज्यांच्या डोक्यावर सारखाच धोका आहे, त्यांनी तो आपसात वाटून घेण्याची ही रीत आहे. याचा अर्थ त्यात माया नसते असे नव्हे. मायेला टिकून राहण्यासाठी घर लागते आणि ते घर हा नियम बांधून देतो, एवढाच याचा अर्थ.

वैनगंगेचा तीर

वैनगंगेच्या तीरावर हाच नियम वेगळ्या रूपात दिसतो. नदीवर पूल नव्हते तेव्हा पावसाळ्याचे चार महिने एक तीर दुसऱ्या तीरापासून तुटत असे. पलीकडच्या तीरावर उभ्या असलेल्या माणसाने हाक मारायची आणि नावाड्याने डोंगा सोडायचा. ती हाक बाळंतिणीसाठी सुईण न्यायला आलेल्याची असेल, बाजाराहून परतलेल्याची असेल किंवा माहेरी निघालेल्या लेकीची असेल. पाणी चढलेले असेल तर उतारूला नावाड्याच्या झोपडीतच थांबावे लागे. मग चुलीवर जे शिजत असेल, भात आणि मासळीचा रस्सा, त्यात त्याचाही वाटा येई. घाट ही वाहतुकीची जागा होती, तशीच ती बातम्यांची, सोयरिकींची आणि ओळखींचीही जागा होती.

तलावांवर या नियमाचे रूप आणखी निराळे होते. जुन्या भंडारा जिल्ह्यातील, म्हणजे १९९९ मध्ये वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यासह असलेल्या प्रदेशातील, बहुतेक जुने तलाव कोहळी समाजाच्या कर्तबगारीतून उभे राहिले. भातशेतीला पाणी देणे हा त्यांचा मुख्य हेतू. त्या पाण्यातील मासळी आणि शिंगाडा यांवर ढिवरांचे जगणे चाले. मोठे जाळे एकट्याला ओढता येत नाही, त्यासाठी दहा-वीस हात लागतात. हाती लागलेल्या मासळीचे वाटे पडतात. ज्याच्याबरोबर जाळे ओढायचे आणि ज्याच्या हाती खोल पाण्यात आपला जीव द्यायचा, त्याच्याशी वैर धरून चालत नाही. पाण्यावरची मैत्री अशी कामातून घडते.

तुर्कस्तानातील अलान्या येथील मच्छीमारांचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञांत प्रसिद्ध आहे. मासेमारीच्या चांगल्या जागांवरून तेथे मारामाऱ्या होत. मच्छीमारांनी मग जागांची यादी केली, चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या आणि रोज प्रत्येकाने पुढच्या जागेवर सरकायचे असा क्रम लावला. चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येऊ लागली आणि भांडणे शमली. हे उदाहरण एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात मांडले. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सामाईक मालमत्ता म्हणजे कोणाचीच नसलेली आणि म्हणून नासून जाणारी मालमत्ता, हा समज त्यांनी खोडून काढला. सामाईक मालमत्तेला स्वतःचे नियम असतात, आणि ते नियम ती वापरणाऱ्यांनी केलेले असले तर ती टिकते. वैनगंगेच्या काठच्या माणसाला हे सांगण्यासाठी नोबेलची गरज नव्हती. विद्यापीठांना मात्र होती.

हातचे पाणी आणि पंगतीतली जागा

येथे एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जाती-जमातींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. धीवर-कहारांच्या हातचे पाणी उच्चवर्णीयांना चालते, म्हणून पाणी भरणे आणि पालखी वाहणे ही कामे त्यांच्याकडे आली, अशी नोंद त्यात सापडते. म्हणजे ज्याच्या हातचे पाणी प्यायला हरकत नाही, ज्याच्या खांद्यावरच्या पालखीत बसायला हरकत नाही, ज्याच्या डोंग्यात जीव घालायला हरकत नाही, त्याला पंगतीत शेजारी बसवायला मात्र हरकत! पाणी भरणाऱ्याला चालवून घेणे ही सोय होती. मैत्रीत त्याला बरोबरीची जागा द्यावी लागली असती.

आपल्या पुराणकथांनी या विसंगतीवर मोठा सुंदर पडदा टाकला आहे. निषादराज गुहाने रामाचे स्वागत केले आणि राम त्याला सखा म्हणतो. गंगा उतरवून देणारा केवट उतराई घ्यायला नकार देतो. सत्यवती ही नाव चालवणारी धीवरकन्या पुढे राजमाता होते, आणि व्यास तिचाच पुत्र. कीर्तनात हे प्रसंग रंगतात आणि श्रोत्यांचे डोळे पाणावतात. पण दुसऱ्या दिवशी गावच्या सभेत केवटाचा वंशज कोठे बसतो, हे कोणी पाहत नाही. केवटाने मोबदला नाकारावा, ही कथा उतारूंना फार आवडते. नावाड्याच्या घरी त्या रात्री काय शिजले, हे कथेत येत नाही.

डोंग्यात भेदाभेद नव्हता, असे म्हणणेही भाबडेपणाचे होईल. जो समाज विहिरीवर आणि देवळात माणूस अडवत होता, तो घाटावर येताच शहाणा होत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी पाण्याचा प्रश्न उभा केला, तो यासाठीच की पाणी सामाईक असल्याचा डांगोरा पिटणाऱ्या समाजाने माणसांच्या एका मोठ्या समूहाला त्या ‘सामाईक’पणातून वगळले होते. म्हणून सामाईक हक्काची मागणी करताना, त्या सामाईकपणात कोण कोण आहे, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो. एवढे मात्र खरे की पुराच्या पाण्यात डोंगा हेलकावू लागला की आतल्या सर्वांचे भवितव्य एक होते. त्या एकतेचे नाते तीराला लागल्यावरही टिकवायचे, हे समतेच्या चळवळीचे काम आहे.

‘घाट’ या शब्दाचा प्रवास

आता या संस्थेचा पाया कसा खचत गेला ते पाहू. सन १८७८ च्या ‘नॉर्दर्न इंडिया फेरीज ॲक्ट’ या कायद्याचा अंमल मध्य प्रांतातही होता. सरकारने एखादा घाट सार्वजनिक म्हणून जाहीर करावा, त्यावरील उतराईच्या वसुलीचा लिलाव करावा, आणि त्या घाटापासून दोन मैलांच्या आत परवानगीवाचून दुसऱ्या कोणी उतारूंसाठी नाव चालवू नये, अशी त्यात तरतूद होती. उतारूंची सुरक्षितता पाहणे हा सरकारचा हेतू असेल. परंतु परिणामी हाकेला ओ देणारा नावाडी आणि उतराई गोळा करणारा ठेकेदार या दोन व्यक्ती वेगळ्या झाल्या. जो सेवा देत होता, तो ठेकेदाराचा नोकर झाला.

तलावांचे असेच झाले. मालगुजारी रद्द करणारा १९५० चा कायदा १९५१ मध्ये अमलात आला आणि मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले. जमीनदारी संपली, हे स्वागतार्हच होते. परंतु तलाव गावाकडे आले नाहीत, ते खात्याकडे गेले. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे विभागाकडे अशी वाटणी झाली. मासेमारीचा हक्क ठेक्याचा विषय बनला. ढिवरांच्या सहकारी संस्था निघाल्या आणि त्यांना प्राधान्य मिळाले, ही जमेची बाजू. परंतु ठेक्याची रक्कम भरण्यासाठी ज्या संस्थेला सावकाराकडे किंवा व्यापाऱ्याकडे जावे लागते, ती नावाने सहकारी आणि व्यवहाराने त्या व्यापाऱ्याची असते. मालकी कागदावर राहते आणि मासळी दुसऱ्याच्या टोपलीत जाते.

तलाव ठेकेदाराच्या हाती गेला म्हणजे पाहुणचाराचे काय होते? काल संध्याकाळी आलेल्या पाहुण्यासाठी तलावावर जाऊन चार मासळ्या आणणारा माणूस आज त्याच कृतीने चोर ठरतो. राखणदार नेमला जातो, आणि तो बहुधा त्याच समाजातला असतो. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर पहारा ठेवायचा असतो. ज्याच्याबरोबर जाळे ओढले, त्याचेच जाळे जप्त करायचे असते. मन लहान झाले असे यात काही घडलेले नाही. देण्यासाठी जे हाती होते, ते हातातून काढून घेतले आहे.

‘घाट’ या शब्दाचाच प्रवास पाहा. एके काळी भंडारा जिल्ह्यात घाट म्हटले की नाव लागण्याची जागा डोळ्यांपुढे येई. आज वर्तमानपत्रात घाटांच्या लिलावाची बातमी येते ती रेतीघाटांची. ज्या वाळूत डांगरवाड्या पिकत, ती वाळू ट्रकांत भरून निघून जाते. वाळू गेली की डांगरवाडी जाते, नदीचा तळ उघडा पडतो, ठिकठिकाणी धोक्याचे खड्डे होतात आणि मासळीच्या जागा नष्ट होतात. उन्हाळ्यात नदीकाठाने जाणाऱ्या वाटसरूला डांगर कापून हातावर ठेवणारी माणसे, मग कुठून आणि काय देणार?

गोसीखुर्दचे पाणी

पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथे वैनगंगेवरील धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. सुमारे ३७२ कोटी रुपयांचा मूळ अंदाज पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला. अडीच लाख हेक्टर जमिनीला पाणी देण्याचे हे स्वप्न चुकीचे होते, असे कोणी शेतकऱ्याचा मित्र म्हणणार नाही. प्रश्न वेगळा आहे. वाहती नदी संथ जलाशय झाली. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येते. वाहत्या पाण्याने पूर्वी जे काही अंशी वाहून नेले, ते आता जलाशयात साठते. जलपर्णीचे थर पाण्यावर पसरतात आणि त्यांत डोंगा अडकतो, जाळे अडकते.

ज्यांची जमीन बुडाली त्यांना मोबदल्यासाठी वर्षानुवर्षे लढावे लागले, आणि तो लढा न्याय्यच होता. पण त्यांच्यापाशी निदान सातबारा होता. पाण्याचा सातबारा नसतो. ज्याची उपजीविका नदीच्या डोहावर, वाळूवर आणि घाटावर होती, त्याने आपले काय बुडाले, हे कोणत्या कागदाने सिद्ध करायचे? १८९४ च्या भूसंपादन कायद्याला हा माणूस दिसतच नव्हता. २०१३ च्या नव्या कायद्याने प्रकल्पबाधित कुटुंबाच्या व्याख्येत पाण्यावर उपजीविका असलेल्यांना घेतले, आणि त्यात मच्छीमारांबरोबर नावाड्यांचाही स्पष्ट उल्लेख केला. जनआंदोलनांनी दीर्घकाळ मांडलेला मुद्दा कायद्याच्या भाषेत आला, हे मोठे काम झाले. परंतु वैनगंगेच्या तीरावरील पुष्कळांसाठी तो कायदा फार उशिरा आला.

पूर आला की आठवण

व्यवस्थेला नावाड्याची आठवण होत नाही असे नाही. पूर आला की होते. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला तेव्हा किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकांवर चढवून आतल्या गावांत नेल्या आणि हजारो माणसांना पाण्याबाहेर काढले. वृद्ध स्त्रियांना होडीत चढता यावे म्हणून एक मच्छीमार पाण्यात ओणवा झाला आणि त्याच्या पाठीवर पाय ठेवून त्या वर चढल्या. ते चित्र देशभर पाहिले गेले. सरकारने रोजी ३,००० रुपये जाहीर केले, तेव्हा माणसे वाचवण्याचे पैसे घेणार नाही, असे काहींनी सांगितले. प्राण वाचवण्याचा मोबदला नाही, हा आंतरराष्ट्रीय करारातला नियम त्यांनी कोणत्याही ग्रंथात वाचलेला नव्हता.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले. अशा रात्री नदी कोठे वळते, ओढ कोठे आहे, कोणत्या पाण्यावर वल्हे टाकावे आणि कोणत्या नाही, हे ज्याला ठाऊक असते, तो माणूस शासनाच्या यादीत एरव्ही ‘भटक्या जमाती (ब)’ या रकान्यात असतो. पूर ओसरल्यावर सत्कार होतात, नारळ आणि शाल दिली जाते. तलावाच्या ठेक्याची फाइल मात्र होती तेथेच राहते. ज्यांनी आपल्याला संकटात पाहुणे म्हणून डोंग्यात घेतले, त्यांच्याशी मैत्री ठेवायची असेल तर शालीने भागणार नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की हे जुन्या जगाचे गोडवे आहेत. पूल झाले, रस्ते झाले, हे चांगलेच झाले. अगदी खरे आहे. आजाऱ्याला रात्री पूल ओलांडून रुग्णालयात नेता येते, त्याऐवजी डोंग्याची वाट पाहावी, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. परंतु पूल आला तेव्हा नावाड्याचा धंदा गेला आणि त्याला दुसरा धंदा मिळाला नाही. प्रगतीचा खर्च एकाने भरायचा आणि लाभ सर्वांनी घ्यायचा, ही रीत समाजवादाला मान्य होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सहकारी संस्थांतही मूठभरांची मिरास होते आणि सभासदांच्या यादीत बहुधा पुरुषांचीच नावे असतात. ढिवर स्त्री मासळी बाजारात नेते, विकते, हिशेब सांभाळते; पाहुण्याचे ताट तीच वाढते. परंतु संस्थेच्या सभेत तिला मत नसते. मासळी विकणाऱ्या स्त्रीला सभासदत्व नसलेली संस्था अर्धी सहकारी आहे. हा दोष सहकाराचा पराभव म्हणून मिरवणाऱ्यांना खाजगी ठेकेदार हवा आहे. आपल्याला दोष दुरुस्त झालेला सहकार हवा आहे.

म्हणून करण्याजोगी कामे स्पष्ट आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्यात निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद आहे. जे पाणी सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या ताब्यात नाही, त्यातील मासेमारीच्या रूढ हक्कांची नोंद वाजिब-उल-अर्जात करता येते. प्रत्येक शाखेने आपल्या गावाचा हा कागद काढून वाचावा. वनहक्क कायदा, २००६ याच्या कलम ३(१)(घ) मध्ये पाणवठ्यातील मासळी आणि इतर उत्पन्नावरचा सामूहिक हक्क मान्य केलेला आहे. जंगलालगतच्या तलावांसाठी ग्रामसभांनी तसे दावे करावेत. ठेक्याची रक्कम संस्थेच्या ताकदीबाहेर जाणार नाही, दुष्काळात तलाव आटला तर ती माफ होईल, आणि मोठ्या जलाशयांवर स्थानिकांचा हक्क निविदेच्या बोलीने हिरावला जाणार नाही, यासाठी आंदोलन उभारावे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याचा लाभ मोठ्या तलावधारकाला मिळतो की जाळे ओढणाऱ्याला, यावर लक्ष ठेवणे हेही आपलेच काम.

या जिल्ह्यात चांगल्या कामाचे उदाहरणही आहे. मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवरांच्या सहकारी संस्थांबरोबर जुन्या तलावांचे पुनरुज्जीवन हाती घेतले. बेशरमची झुडपे उपटली, तलावात देशी पाणवनस्पती लावल्या, देशी मासळीला पुन्हा आसरा मिळू लागला. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, हे ज्ञान ढिवरांकडेच होते. बाहेरून गेलेल्यांनी पाहुण्यासारखे बसून ते ऐकून घेतले, हे या कामाचे वैशिष्ट्य. कार्यकर्त्याने गावात कसे जावे, याचाही धडा त्यात आहे.

शेवटी एका राजकीय आठवणीचा उल्लेख अप्रस्तुत होणार नाही. १९५४ साली भंडारा हा लोकसभेचा द्विसदस्य मतदारसंघ होता. त्या पोटनिवडणुकीत सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. त्या निकालाची कारणे अनेकांनी अनेक परींनी सांगितली आहेत. समतेच्या चळवळीला त्यातून एवढे घेता येईल की एका नावेत बसलेल्यांपैकी काहींनीच तीराला लागणे, हा प्रवास यशस्वी झाल्याचे लक्षण नव्हे. शेतकरी, शेतमजूर, दलित, आदिवासी आणि पाण्यावर जगणारे भटके यांच्या मैत्रीची भाषणे आपण पुष्कळ केली. ती मैत्री तलावाच्या ठेक्यात, ग्रामसभेच्या ठरावात आणि संस्थेच्या सभासदयादीत दिसली पाहिजे. पाण्यावरच्या माणसांनी आजवर सर्वांना आपल्या डोंग्यात जागा दिली. आता पाण्याच्या मालकीत त्यांना जागा मिळवून देण्याची पाळी इतरांची आहे.